खाचांची पट्टी

टच्... टच्... शिवण उसवल्याचा तो बारीक आवाज पेलिंग शिंप्याने जिन्यावरूनच ऐकला. त्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली.

मिस्टर अ‍ॅव्हेरिलच्या नव्या बायकोचा घोडेस्वारीचा पोशाख तिसऱ्यांदा दुरुस्त करायला तो त्या टेकडीवरच्या घरी गेला होता. घर सांभाळणाऱ्या मिसेस क्रूम दार उघडता उघडताच म्हणाल्या, "पेलिंग, आता चष्मा तरी घ्या, नाहीतर कैची तरी टाका."

वर नव्या बाईसाहेब, लेटिसबाई, खिडकीशी बसून स्वतःच शिवण उसवत होत्या. त्यांनी पोशाख अंगावर चढवून दाखवला. कमरेत ढगळ, बाह्या चार बोटं आखूड. मागच्या गुरुवारी तर नेमका बसला होता.

पेलिंगने मापाची कागदी पट्टी काढली. गिऱ्हाइकागणिक वेगळी पट्टी, जिथे माप संपेल तिथे कैचीने खाच. लेटिसबाईंच्या पट्टीवरची एकही खाच जुळेना. जेवत नाही का, असं त्याने हळूच विचारलं.

"जेवते," त्या कुजबुजल्या. "पण सकाळी उठले की हात माझे वाटत नाहीत... पेलिंग, आजच शिवून द्या. संध्याकाळी ते परत येतील, त्याआधी मला इथून निघायचंय."

गाडी त्यांना मिळायची नाही. घोडा मात्र माहेरचा होता. आल्टनला आईकडे पोचायला दोन तास. पण साध्या झग्यात घोड्यावर दिसल्या असत्या, तर फाटकावरच्या माणसाने तिथेच अडवलं असतं.

घाईत पेलिंगच्या हाताला जुडग्यातली दुसरीच पट्टी लागली. पाठीला लावली, आणि खाच बसली. कमरेला लावली. बसली. बाहीलाही बसली. त्याने पट्टी उलटून पाहिली. सबाइनाबाईंची होती. अ‍ॅव्हेरिलची पहिली बायको, दोन वर्षांपूर्वी वारलेली.

खोलीत ओल्या लोकरीचा वास दाटला होता.

"मिळालं का माप?"

"मिळालं," तो म्हणाला. पुढे काही सांगायचं धैर्य त्याला झालं नाही. माप कुणाचं का असेना, पोशाख अंगावर बसला की ही सुटेल, एवढंच त्याला सुचलं. बाह्यांच्या दुमडी सोडवून, कमर आवळून, त्या पट्टीबरहुकूम त्याने तासाभरात शिवण पुरी केली. मग त्यांना कपडे बदलायला सोडून तो खाली गेला, घोड्यावर खोगीर चढवून घेतलं आणि मागच्या दाराशी लगाम धरून उभा राहिला.

त्या जिना उतरून आल्या. पोशाख अंगावर कातडीसारखा बसला होता.

"चल पोरी," त्याच्या तोंडून निघून गेलं. "उजेड आहे तोवर..."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. ओळख नसल्यासारखं. मग घोड्याकडे पाहिलं, आणि पाठ फिरवली.

तेव्हा त्याला पोशाखाच्या उजव्या खांद्यावर पडलेली सुरकुती दिसली. सबाइनाबाईंचा उजवा खांदा अर्धं बोट उतरता होता. त्यांच्या प्रत्येक कपड्यात तिथे तो थोडा कापूस भरायचा, आणि ते फक्त त्यालाच ठाऊक होतं. आज त्याने भरला नव्हता.

"बाईसाहेब..."

त्या जिना चढून वर निघून गेल्या.