दारासमोरचा सुरुंग

"वेग शून्य, पल्ला शून्य, चिलखत शून्य. असलं शस्त्र तक्त्यात घ्यायचंच कशाला, यार?" जयंतने ब्रश झटकला आणि अरुणाच्या फ्रॉकवर लाल शिंतोडे उडाले.

अरुणाने कपाळावर हात मारून घेतला. मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याहून करोल बागेत मामाकडे आल्यापासून या मामेभावाने तिचं डोकं नुसतं पिकवलं होतं. मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मुलांचं प्रदर्शन होतं, 'दुसऱ्या महायुद्धात कोण भारी?' पुठ्ठ्याचे रणगाडे, कामट्यांची विमानं, लाकडी युद्धनौका आणि भिंतीवर सगळ्यांची तुलना करणारा भला मोठा तक्ता. जयंतचा जीव रणगाड्यात. त्याच्या मते बाकी सगळं भंगार. अरुणा मात्र हट्टाने एकाच गोष्टीला चिकटली होती, शांतारामकाकांच्या सुरुंगाला.

शांतारामकाका मामाचे शेजारी. महायुद्धात ते समुद्रातले सुरुंग शोधून काढणाऱ्या बोटीवर होते. त्यांचा जिवलग मित्र श्याम अशाच एका सुरुंगाने गेला. त्या सुरुंगाची पत्र्याची पोकळ प्रतिकृती काकांनी स्वतःच्या हातांनी घडवली होती. माठाएवढा काळा गोळा, भोवती शिंगं, वर टांगायला कडी. घरच्यांनासुद्धा ते तिला हात लावू देत नसत. अरुणाला दिली आणि एवढंच म्हणाले, "सांभाळ गं पोरी."

तिने तो गोळा टेबलावर ठेवला आणि समोर 'सुरुंग' अशी पाटी लावली. ती वाचून जयंत खो खो हसला. "ही कुठली सुरंग? हा तर मटका आहे." ती सुरंग नाही, तो सुरुंग, असं अरुणाने त्याला दोनदा सांगितलं. मग नाद सोडून ती सगळ्या मुलांबरोबर जेवायला गेली.

परत येतात तो काय, हॉलच्या दाराला काळ्या कापडाचा लांबलचक बोगदा जोडलेला. मुलं मागच्या दाराने आत गेली, तर टेबल कोपऱ्यात सरकवलेलं आणि त्यावर नुसती पाटी. सुरुंग गायब!

मंडळाचे चिटणीस भाऊसाहेब कूलरसमोर बसूनच कडाडले. सरकारी कचेरीत हाताखालच्यांवर ओरडून त्यांचा आवाज चांगला तयार झाला होता. वस्तू नीट ठेवायला नकोत, वर हा बोगदा कोणाला विचारून उभा केला, आता पाच वाजता शांताराम येतील त्यांना काय सांगायचं? "तोवर सुरुंग सापडला नाही, तर तुमचं प्रदर्शन बंद. बिल्कुल बंद."

शोधायला मात्र ते जागचे उठले नाहीत. मुलांनी स्टेजखाली पाहिलं, कपाटं उघडली, सतरंज्या झटकल्या. अरुणाला रडू फुटायच्या बेतात होतं. काकांना कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि हा जयंत बोगद्याशी उभा राहून कौतुक करतोय!

"कुछ भी कहो, सुरंग आहे मस्त."

"त्याला बोगदा म्हणतात रे, बोग…" अरुणा थबकली. "काय म्हणालास? हे काय आहे?"

"सुरंग. हिंदीत हिलाच सुरंग म्हणतात. किती लंबी आहे बघ."

अरुणाने त्याचा हात धरला आणि प्रदर्शनाचा मांडव घालून बाहेर लस्सी पीत बसलेल्या तंबूवाल्या सरदारजींकडे फरफटत नेलं. जयंतने विचारलं तेव्हा ते चिडलेच. सकाळी जाता जाता साहेबांनी हुकूम सोडला, पुढे काही सांगितलं नाही, आणि आता जाब मात्र त्यांनाच विचारतायत. "आप ही के साब बोले, दरवाज़े के सामने सुरंग लगाओ. लगा दी!"

अरुणाने ते वाक्य जसंच्या तसं भाऊसाहेबांना ऐकवलं. भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सुरुंगाचं टेबल येणाऱ्यांना पहिल्यांदा दिसेल असं ठेवा, एवढंच त्यांना हिंदीतून सांगायचं होतं. "पण मग गोळा गेला कुठे?" ते पुटपुटले.

"तंबूवाल्यांनी सजावट समजून कुठेतरी…" अरुणा म्हणेपर्यंत जयंत बोगद्यात शिरलाही.

टण्ण! "आई गं!"

काळ्या कापडाखाली, ऐन मध्यावर, काळा सुरुंग झुंबरासारखा टांगलेला होता. अंधारात कुणाला दिसला नव्हता.

भाऊसाहेब घाईघाईने बोगदा उतरवायला सांगत होते, तेवढ्यात शांतारामकाका आले. ते आत गेले आणि त्यांनी सुरुंगाच्या शिंगांवरून हात फिरवला.

"राहू दे इथेच," ते म्हणाले. "समुद्रातही हा असाच असायचा. दिसायचा नाही. श्यामला कुठे दिसला?"

मग हॉलमध्ये येऊन त्यांनी तक्ता वाचला. "सगळे रकाने शून्य. बरोबर आहे. पण रात्र रात्र आम्ही जागायचो ते यालाच भिऊन." त्यांनी अरुणाच्या पाठीवर हात ठेवला. "छान सांभाळलास हं." भाऊसाहेबही खाकरले आणि चूक आपली, डोकं पोरीचं, असं सगळ्यांसमोर म्हणाले.

जयंतने कपाळावरचं टेंगूळ चोळत ब्रश उचलला. 'कोण भारी?' या रकान्यातला रणगाडा खोडला आणि मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं, 'सुरंग'.

अरुणाने एक सुस्कारा सोडला, त्याच्या हातातला ब्रश घेतला आणि 'र'ला उकार दिला.