ट्रेझाइजची घळ

"उद्या वरच्या घळीत कोण जाणार?" म्हाताऱ्या केन नँकिव्हेलनं विचारलं. शेकोटीभोवती बसलेल्या चार नव्या शिकाऱ्यांपैकी दोघांनी हात वर केले.

"मग ऐका. लायल नोस्के माझा जुना सोबती. त्यानं स्वतः सांगितलंय. माझ्या पदरचं यात काही नाही."

नऊ वर्षं झाली. एप्रिलची तेवीस तारीख, शनिवार. चहा संपवून लायल उठत होता, तेवढ्यात अभयारण्याच्या अधिकारी मॅक्सीनबाईंनी हाक मारली.

"लायल, पाणवठ्यावरचा कॅमेरा काढून आणतोस? बंदूकही ने. शेळ्या आल्या तर सोडू नकोस, त्या छोट्या कांगारूंना, वॉलबींना, थेंब ठेवत नाहीत मेल्या."

"कुठला पाणवठा?"

"ट्रेझाइजच्या घळीतला रे."

बंदूक उचलताना लायलच्या मनात आलं, मेला तरी नाव त्याचंच!

अकरा वर्षं ती घळ लायलची होती. गावात तो पोस्टमन. सगळी रजा साठवून इथं यायचा, फुकट राबायचा. रानटी शेळ्या टिपण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मग ट्रेझाइज आला, त्याचा नेम लायलहून पक्का. दोनच दिवसांत घळ त्याला मिळाली, आणि नावही त्याचंच लागलं. जेवताना सगळे त्याच्याच विनोदांवर हसू लागले. "काय पोस्टमन, तुझी गोळी आज पोचणार की सोमवारी?" लायलही हसायचा. आणि मग अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडायचा.

फेब्रुवारीत ट्रेझाइज हृदयविकारानं गेला. दफनाच्या वेळी लायल टोपी छातीशी धरून उभा होता, आणि मनात एकच... आता घळ माझी. त्याची त्यालाच लाज वाटली. पण विचार काही हलला नाही.

तर लायल घळीत पोचला. कॅमेरा सोडवून पिशवीत टाकला. संध्याकाळचे पावणेसात वाजले होते. चंद्र कड्यावर आलेला, खालचं पाणी चकाकत होतं. तेवढ्यात शेळ्या उतरल्या. पुढे दाढीवाला थोराड बोकड. लायल खडकाला टेकून बसला. नेम धरला. बोट चापावर...

धाड्!

बोकड कोसळला. लायलनं चाप ओढलाच नव्हता.

त्यानं कड्याकडे पाहिलं. कोणी नाही. बाकीच्या शेळ्या पळायला हव्या होत्या. पळाल्या नाहीत. तशाच उभ्या. पाणी पीत.

त्यानं दुसरी हेरली. श्वास रोखला.

धाड्!

तीही गेली. त्याच्या आधी. क्षणभर आधी.

सांगताना लायल म्हणाला, "केन, भीती नंतर वाटली. आधी संताप आला." तो उठून ओरडला, "ती माझी होती! ऐकतोयस? माझी!"



कमरेचा वायरलेस खरखरला. मॅक्सीनबाई. "दोन झाल्या वाटतं? इथवर ऐकू आलं. शाब्बास."

"बाई, मी नाही..."

"काय?"

त्यानं वायरलेस बंद केला. शाबासकी कोणाला होती, त्याला कळलं होतं.

त्यानं बंदूक खाली ठेवली. दगडावर. दोन्ही हात कानांवर दाबले. डोळे मिटले.

धाड्!

या वेळी आवाज कड्यावरून नव्हता. त्याच्याजवळून होता. अगदी जवळून. अंग मागं ढकललं गेलं.

आणि मग... काही नाही. वारा नाही. पाणी पिण्याचा आवाज नाही. कोणीतरी वाट बघत असावं, तसं.

 शेवटी तो म्हणाला. हळू. नऊ वर्षांत त्यानं हे एवढं एकदाच मला सांगितलं.

"चांगला होतास तू. माझ्यापेक्षा चांगला... बास आता."

शेळ्या एकदम उधळल्या. दगड घरंगळले. घळ रिकामी झाली.

सकाळी मॅक्सीनबाई जाऊन आल्या. तीन शेळ्या पडलेल्या, तिन्ही एकेका गोळीत. मी तेव्हा तळावरच होतो; लायलच्या बंदुकीची नळी मी स्वतः तपासली. स्वच्छ. एकही गोळी सुटलेली नव्हती.

तो सदरा बदलत होता तेव्हा दिसलं. डाव्या खांद्यावर बंदुकीच्या दस्त्याचा काळानिळा वळ. लायल जन्मभर उजव्या खांद्यानं मारत आला.

मॅक्सीनबाईंनी वाकून वळ पाहिला. मग म्हणाल्या, "ट्रेझाइज डावरा होता."

मुका मार आठवड्यात ओसरतो. तो वळ गेल्या रविवारीही मी पाहिला. तेवढाच निळा.