पायरीचं नातं

वैजनाथनं पहिल्याच भेटीत नम्रताची सुई मोडली. प्रेमाच्या गोष्टी याहून बऱ्या सुरू होतात, पण झालं ते असं झालं.

श्रावणातली दुपार होती. ऊन आणि पाऊस आलटून पालटून नुसती सही करून निघून जात होते, कचेरीतल्या माणसांसारखे. चिंचमळा वस्तीच्या तोंडाशी, पत्र्याच्या छपराखाली, नम्रता पिको-फॉलचं मशीन घेऊन बसली होती. एक उंच, सावळा तरुण भिजत आला आणि सरळ छपरात शिरला. हातात काळी बॅग होती, संगणकाच्या कंपन्यांतली माणसं खांद्याला लावून हिंडतात तसली.

"ताई, जरा मशीन देता का? ही चेन बसवायची आहे. दोनच टाके."

"ताई कोणाला म्हणता?"

"मग... काय म्हणू?"

"काही म्हणू नका. शिवा."

त्यानं पायडल मारलं. रेक्झिन जाड, सुई साडीची. कट्‌!

"मोडली," तो म्हणाला.

"दिसलं."

"मी मुद्दाम नाही केलो हो."

"मुद्दाम मोडली असतीत तर निदान कला तरी म्हटलं असतं."

या मुलीचं नाव नम्रता ठेवताना आईवडिलांनी जरा घाई केली, असं वस्तीत सगळ्यांचंच मत होतं. कोथरूडच्या सोसायट्यांतल्या बायका मात्र तिच्यावर खूश होत्या. साडी टाकायला आल्या की ती त्यांना पाच मिनिटं अपमानास्पद बोलायची आणि त्यांना एकदम घरच्यासारखं वाटायचं.

संध्याकाळी तो परत आला. हातात सुयांचं पाकीट.

"जाड कापडाच्या आहेत. आता मोडायच्या नाहीत."

"म्हणजे तुम्ही परत येणार?"

"सुया तर आणल्यात..." तो म्हणाला आणि पत्र्याकडे पाहत राहिला, जणू पत्राच काय ते ठरवणार होता.

वैजनाथ परळीकडचा. पुण्यात आला तो बॅगांच्या कारखान्यात, आणि त्यानं हात बसवला तोवर कारखाना बसला. पण चालताना त्याचे डोळे उघडे असत. शहरात रोज एक नवी काचेची इमारत उगवत होती, तिच्यातून हजारो बॅगा बाहेर पडत होत्या, आणि साहेब असो की शिपाई, चेन सगळ्यांची एकाच जागी अडकत होती. तो झाडाखाली पोतं टाकून बसला. गिऱ्हाईक लागलं. पण फुटपाथ मोकळा करणारी गाडी आली की पोतं उचलून पळायचं; पळणाऱ्या माणसाकडे आपली बॅग कोण ठेवणार? त्याला हक्काची जागा हवी होती.

जागेचा विषय वस्तीत उद्योग मंडळाकडे होता. मंडळ म्हणजे सात बायका, त्यांत नम्रताही; अध्यक्ष हिराबाई. पूर्वी एक संस्था आली होती. तिनं पडद्यावर चित्रं दाखवून वस्तीला 'उद्योजकता' शिकवली, समोसे दिले आणि ती गेली. समोसे चांगले होते. त्यानंतर बायकांनी ठरवलं, आपलं आपणच बघायचं. कोणत्या घराला कोणता धंदा जमेल, तो कोण शिकवेल, परवान्याच्या रांगेत सोबत कोण उभं राहील... सगळं समाजमंदिरात बसून, हात वर करून ठरे.

एक नियम मात्र कडक. नात्यातल्या माणसाचा विषय निघाला की त्या बाईनं उठायचं आणि समाजमंदिराच्या पायरीवर जाऊन बसायचं. पहिल्या बैठकीत साती जणी पायरीवर गेल्या, कारण वस्तीत प्रत्येकजण प्रत्येकाचा कोणीतरी होताच. मत द्यायला आत फक्त पंखा उरला. मग नात्याची व्याख्या करावी लागली : ज्याच्या लग्नात आपल्याला रुसायचा हक्क आहे, तो नातेवाईक. ही व्याख्या कायद्याच्या पुस्तकात का नाही, हे कळत नाही.

हा नियम गमतीनं झाला नव्हता. जुनी भिशी 'आपला-तुपला' करूनच मोडली होती, आणि शेजारणी दोन वर्षं एकमेकींच्या दारातलं पाणी पीत नव्हत्या. "भाकर करपली तर दुसरी थापता येती," हिराबाई म्हणायची. "इस्वासाचं पीठ येकदाच मळत्यात."

तर मंडळाला बाणेरच्या बाजूला, एका कंपनीच्या फाटकाजवळ, एका टपरीची जागा मिळाली. मागणारे दोघं. वैजनाथ, वस्तीतच भाड्यानं राहणारा, आणि मूळचा वस्तीतलाच पोपट. पोपटला मंच्युरियन लावायचं होतं.

तोवर वैजनाथचं छपराखाली येणं नेहमीचं झालं होतं. जाताना तो तिच्या मशीनला साडीची सुई परत लावून, दोरा ओवून ठेवायचा. ती त्याच्या चहावर बशी झाकून ठेवायची. पुण्यात यापेक्षा मोठी कबुली सहसा कोणी देत नाही. तोंडानं मात्र दोघंही बॅगा आणि साड्यांच्या पलीकडे गेले नव्हते.

एकदा दातानं दोरा तोडत तो म्हणाला, "हैदराबादच्या बॅग-कारखान्यातून निरोप आलाय. या म्हणतात. जागा मिळाली तर राहतो. नाही तर... जावं लागंल."

"जा की. हैदराबाद छान आहे म्हणतात."

"तुम्ही बघितलंय?"

"नाही. म्हणून तर छान वाटतं."

तो हसला. तिनं मशीन जोरात चालवलं. त्या दिवशी एका साडीचा फॉल उलटा लागला, आणि साडीवाल्या बाईंनी काही बोलायच्या आत तिनंच "चुकलं माझं" म्हटलं. बाई घाबरून घरी गेल्या.

बैठकीच्या आधीच नम्रताला कळून चुकलं होतं. तिघी बॅगेच्या बाजूनं, तिघी मंच्युरियनच्या. सातवा हात तिचा. बरोबरी झाली तर जागा लेकराबाळांच्या घराला, हे ठरलेलं होतं, आणि पोपटला दोन लेकरं होती. म्हणजे तिनं हात वर केला की वैजनाथ राहणार. नाही केला की हैदराबाद.

हात वर करायला अडचण काय होती? काहीच नाही. तो तिचा कोण होता? कोणीच नाही. त्याच्या लग्नात रुसायचा हक्क... इथं मात्र ती अडखळायची. त्याच्या लग्नात नवरी दुसरी कोणी असती तर ती रुसली नसती, तिनं मांडवच पाडला असता.

आणि उद्या हे बाहेर आलं तर? पोपटची बायको म्हणेल, आपल्या माणसासाठी मत दिलं. बोलेल एवढंच नव्हे, तर खरं बोलेल. मग परत भिशी, परत ते न प्यालेलं पाणी. पायरीवर जावं, तर अख्ख्या वस्तीसमोर कबुली, तीसुद्धा एकटीची. त्यानं कुठं काय म्हटलं होतं? एकतर्फी नातं पायरीवर न्यायची मंडळात पद्धत नव्हती.

रविवारी सकाळी बैठक भरली. मागणारे दोघं रिवाजाप्रमाणे पायरीवर. आत हिराबाई म्हणाली, "पयला इषय, बॅगवाला. हात वर करा."

नम्रता उठून उभी राहिली.

"हात म्हनले मी, पाय न्हाई. कुटं निघालीस?"

"पायरीवर."

सहा माना एकदम वळल्या.

"पोपट तुजा कोन लागतो गं?" हिराबाईनं विचारलं.

"कोणी नाही."

कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. हिराबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं, मग पदर तोंडाशी नेला. "जा मग," ती म्हणाली. "नेम त्यो नेम."

बाहेर भुरभुर लागली होती. पायरीच्या एका टोकाला पोपट, दुसऱ्या टोकाला वैजनाथ. ती मध्ये बसली. वैजनाथचा चेहरा उतरला.

"तुम्ही इथं? म्हणजे पोपटराव तुमचे..."

"माझी न्हाई हां ही कोनी!" पोपट घाईनं म्हणाला. मग त्यानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला. "मी जरा तंबाखू बघून येतो," म्हणून तो उठला. पोपट तंबाखू खात नव्हता.

एक थेंब वैजनाथच्या कपाळावरून नाकावर आला, तो त्यानं पुसला नाही.

"म्हणजे... माझं एक मत गेलं?"

"गेलं."

"तुमचं?"

"माझंच. रागावलात?"

"मला मत नकोच होतं," तो हळूच म्हणाला. "म्हणजे पाहिजे होतं. पण तुमच्याकडून... वेगळंच काहीतरी पाहिजे होतं."

"मग बोलायचं नाही का?"

"भ्या वाटायलं होतं. सुई मोडली तर तुम्ही एवढं बोललात."

तिला हसू आलं आणि डोळेही भरले; श्रावणात चालतं तसं.

दारात हिराबाई आली. "जागा पोपटची," तिनं जाहीर केलं. "आता नेमानं सांगायला लागतंय. ह्या दोगांचं नातं काय? आत बाया खोळंबल्यात."

वैजनाथ उभा राहिला. "होणारं," तो म्हणाला. "होणारं नातं आहे म्हणून सांगा."

"कवा होनारं?"

"ह्यांना विचारून सांगतो."

"इचारा, इचारा," म्हणत हिराबाई आत गेली. आत एकदम हसण्याचा गलका उठला, मग कोणीतरी "शूऽऽ" केलं.

तो परत बसला.

"हैदराबादला काय कळवणार?" तिनं विचारलं, त्याच्याकडे न बघता.

"दुसरा माणूस बघा म्हणून."

"आणि जागा?"

"पुढच्या खेपेला परत मागतो."

"माझं मत मिळायचं नाही."

"ठाऊक आहे."

"मग परत पडाल."

"पडू द्या की," तो म्हणाला. "तुम्हाला परत माझ्याजवळ येऊन बसावं लागंल ना?"

भुरभुर वाढली होती आणि पायरी नम्रताच्या बाजूनं ओली होत चालली होती. दाराच्या आडोशाला, वैजनाथच्या कडेला, हातभर दगड अजून कोरडा होता. ती तिथं सरकली.