पुढची सीट

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी फिलिपाने नवऱ्याला, देल्फिमला, आल्कोबासाच्या मठात जवळजवळ ओढतच नेलं. त्याची पहिली बायको ओदेत ठेंगणी होती. तिच्या उंचीच्या मापाने पुढे सरकवलेली गाडीतली सीट फिलिपाने लग्नादिवशीच मागे ढकलली, तेव्हा कुठे तिचे लांब पाय मावले. ओदेत जाऊन तीन वर्षं झाली, तरी घरातले पडदे तिचे आणि सूपमधली कोथिंबीरही तिच्याच हिशोबाची. फिलिपाच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मेलेल्या बाईशी भांडायचं तरी कसं?

मठात राजा-राणी आपापल्या कबरीत पायांकडे पाय करून निजलेत, जगाच्या शेवटच्या दिवशी मेलेले उठतील तेव्हा आधी एकमेकांनाच पाहावं म्हणून. फिलिपाच्या गावातली नवी जोडपी तिथे जात. नवरी राणीच्या कबरीपासून, नवरा राजाच्या कबरीपासून डोळे मिटून निघे. मध्ये ज्याचा हात हाती येईल, शेवटच्या दिवशी सोबत त्याचीच.

"मी केलंय गं हे एकदा," देल्फिम कुरकुरला.

"म्हणूनच पुन्हा करायचं. तिचा हात सुटू दे एकदाचा."

"मेलीये ती, फिलिपा."

"मग घाबरतोस कशाला? मीट डोळे!"

थंडीतली संध्याकाळ होती. ओल्या दगडांचा आणि विझलेल्या मेणबत्त्यांचा वास येत होता. फिलिपा डोळे मिटून निघाली. समोरून देल्फिमचे जड बूट वाजत होते... आणि तिच्या पुढे, अगदी हातभर अंतरावर, बारीक टाचांचा आवाज. छोटी, घाईची पावलं. फिलिपा थबकली. पावलं थबकली नाहीत. तिने घाबरून हात पुढे केला. हाती नुसती गार हवा लागली.

"किती गारठलाय गं हात तुझा..." देल्फिम म्हणाला. इतक्या मायेने तो फिलिपाशी कधीच बोलला नव्हता.

तिने डोळे उघडले. तो चार पावलांवर उभा होता. मूठ अर्धवट मिटलेली, मान खाली झुकलेली, जणू खांद्याशी पोचणाऱ्या कुणाकडे बघतोय.

"देल्फिम... मी इकडे आहे..."

"हो, हो. चला," तो म्हणाला. मूठ काही त्याने उघडली नाही.

गाडीपाशी त्याने पुढचं दार उघडलं, क्षणभर थांबला आणि हळूच लावून घेतलं.

"तू मागे बसतेस ना?" त्याने फिलिपाला विचारलं.

तिने काचेतून आत पाहिलं. सीटवर कुणीच नव्हतं. फक्त ती पुन्हा पुढे सरकलेली होती.