सतरावी सूचना

वाशीमच्या कचेरीपुढं लिंबाखाली जगदेव अर्जनवीस बसायचा. इंग्रजी तो पुड्यांच्या कागदावरून शिकला होता, कोण्या मास्तराची एक छडी न खाता, आणि त्याचा त्याला माज होता. लोक सांगायला बसले की आजा, पणजा, बांध, भावकी, सगळं ओकत. जगदेव त्यातलं चार ओळींचं कामाचं तेवढं उचलायचा, बाकी कापायचा. "साहेबाले तुही रडकथा नाही पायजे," असं तोंडावर सांगायचा. बावीस वर्षं त्यानं असं कापलं आणि कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

सन सदतीसच्या दिवाळीनंतर मिसर देशात कापूसवाल्यांची परिषद भरायची होती. देशोदेशीचे साहेब भाषणं करणार, मग दाखवायला एखादा खरा शेतकरीही पाहिजे, म्हणून जिनिंगवाल्या शेटांनी रामकिसनला निवडलं. जगदेवच्या थोरल्या बहिणीचा, रंगूबाईचा हा नवरा. सरकी तळहातावर घेऊन वाण सांगणारा माणूस, पण चौथीच्या पुढं शिकलेला नाही. परिषदेकडून पाहुण्यांसाठी छापील पुस्तिका आली. इंग्रजीत, एकवीस सूचना. रंगूबाईनं ती भावापुढं ठेवली.

"जसंच्या तसं लिहून दे, जगदेव. हा मानूस रिसोडच्या बाजारात चुकते."

"चुकलो तरी बैल आनतेत घरी," रामकिसन म्हणाला.

"मिसरमंदी तुमचे बैल नाहीत."

जगदेवनं लिहिलं. टोचणीचा दाखला उराशी ठेवावा, तो दाखवल्याशिवाय बोटीवरून उतरू देत नाहीत. ट्रंकेवर नाव मोठ्या अक्षरांत रंगवावं. पाणी उकळलेलंच प्यावं. हमाल सामान उचलून पळाला तर ओरडू नये, मागं चालावं, तो मुक्कामावरच नेतो. पासपोर्ट कोणाच्या हाती देऊ नये. प्रत्येक सूचनेला कारण दिलेलं होतं. सतराव्या सूचनेला नव्हतं: मुक्कामी कोणी तुमच्या मुलखाच्या बोलीत बोलला, तर त्याला आपल्या घरचं काही सांगू नये.

जगदेवला हसू आलं. मिसरात वऱ्हाडी कोण बोलतो? साहेबांनाही भुताटकी लागली म्हणायची. त्यानं सतरावी कापली, अठरावीला तिचा आकडा दिला, आणि वीस सूचनांचा कागद भाऊजींच्या खिशात घातला.

पहिलं पत्र आलं ते बहिणीच्या ओसरीवर बसून त्यानं वाचून दाखवलं. बोट किनाऱ्याला लागली होती, सूचना कामी आल्या होत्या, ट्रंक हरवली नव्हती. पुढं रामकिसननं लिहिलं होतं: "मुक्कामाच्या पायऱ्यांवर एक मानूस बसते. मले म्हने, कोनतं गाव, भाऊ? इतक्या दिसात आपली बोली कानी नव्हती, मी त्याच्यापाशीच बसून राह्यलो. रिसोडकडचा म्हनते. त्याचं तोंड न्याहाळून पाह्यतो, पन खोलीत गेलो का ध्यानात राहत नाही."

"चला, सोबत भेटली," रंगूबाई म्हणाली.

जगदेवनं पत्राची घडी केली. घरी जाऊन त्यानं पुस्तिका काढली. सतरावी सूचना तशीच होती. कारण अजूनही दिलेलं नव्हतं.

दुसरं पत्र आठ दिवसांनी. "त्याले आपल्या घरच्या गोष्टीचा लय नाद. दारं किती, गोठा कोन्या अंगाले, गोऱ्ह्याच्या कपाळावर चांद हाये का. मी सांगतो, तो डोळे मिटून आयकते. एक कर, आपल्या इहिरीवर झाड कायचं हाये ते घरी विचारून कळव. आठवून नाही राह्यलं."

ते झाड रामकिसननं स्वतःच्या हातानं लावलं होतं.

"आनखी काय लिवते?" रंगूबाईनं विचारलं.

"तब्येत चांगली हाये म्हनते."

इथंही त्यानं कापलंच.

तो तारघरात गेला. त्याला काही सांगू नका, निघून या, अशी तार केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, इंग्रजीत: सगळं सांगून झालं, काळजी नसावी. रामकिसनला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. मुक्कामाच्या कारकुनानं लिहून दिलं असेल, असं जगदेवनं स्वतःला समजावलं.

मग तो शेटांकडं गेला. शेट पान जमवत होते.

"परदेशात गाववाला भेटला त पेढे वाट ना, रडतं कायले? काय पायजे ते चार ओळीत सांग."

जगदेवनं मनात जुळवून पाहिलं. चार ओळी काही जमल्या नाहीत. हजारो लोकांचे अर्ज लिहिणाऱ्याला स्वतःचा लिहिता येईना, कारण तो कोणाच्या नावे करायचा?

तिसरं पत्र. अक्षर रामकिसनचंच, वळणासकट.

"जगदेवराव, तुमच्या गावी कसं यावं ते कळवावे. अकोल्याहून कोनती मोटर, कुठं उतरावं, घर कोन्या आळीत, दारात कोन भेटन. सविस्तर लिहावे. काही गाळू नये."

भाऊजी घरी यायला हवे होते. बहीण रोज वाटेकडं डोळे लावून बसत होती. जगदेवनं तीन ताव लिहिले आणि जन्मात पहिल्यांदा एक शब्द कापला नाही. पत्र पेटीत पडलं, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की वाट विचारणारा कोण हे आपण विचारलंच नाही.

होळीच्या आधी अकोल्याहून येणाऱ्या गोविंदसिंगच्या मोटारीतून रामकिसन उतरला. कोणाला न विचारता घरी आला. गोऱ्ह्याच्या कपाळावरच्या चांदावर त्यानं बरोबर हात ठेवला. रंगूबाईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं.

"सुकले जरासे," एवढंच ती म्हणाली.

महिना गेला. माणूस वाईट नव्हता. शेतात जायचा, लेकरांना खांद्यावर घ्यायचा. रंगूबाई खुश होती. जगदेव रोज काहीतरी सांगायला म्हणून यायचा आणि चहा पिऊन जायचा.

एका दुपारी दोघं ओसरीवर बसले होते. आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"जगदेव," तो म्हणाला, "बाकी समदं मले सांगून झालं हाये. एकच राह्यलं. तुह्या बहिनीचं नाव काय?"

नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायची रीत नाही. तो "अवं" म्हणायचा, जगदेव "बाई" म्हणायचा आणि पत्रातही त्यानं तेच लिहिलं होतं, लेकरं "माय" म्हणायची. रामकिसननंही परक्या माणसापुढं ते घेतलं नसणार.

एखादं खोटं नाव सांगावं म्हणून जगदेव मनात शोधू लागला.

तेवढ्यात शेजारची प्रयागबाई विस्तव मागायला अंगणात आली.

"रंगू. अवं रंगू."

जगदेवच्या शेजारी बसलेल्यानं डोळे मिटले.

"रंगू," तो हळूच म्हणाला.

प्रयागबाईनं पुन्हा हाक मारली. मग आणखी एकदा. आतून ओ आली नाही.

जगदेव उठून चुलीपाशी गेला. बहिणीचे हात पिठात तसेच चालू होते.

"जगदेव," ती म्हणाली, "प्रयागबाई कोनाले हाका मारून राह्यली रे?"