समप्रकाश चष्मा

साताऱ्याच्या प्रयोगशाळेत शर्वरी भोईटे सकाळपासून तिसऱ्यांदा त्याच दहा पेट्या मोजत होती. पेट्या दहाच होत्या. जिवाला घोर लागला की माणूस मोजलेलंच मोजत बसतं.

पेट्यांतले चष्मे तिने स्वतः घडवले होते. वादळ येण्याआधी दोन-तीन तास आकाशातल्या उजेडाचं ध्रुवण, म्हणजे प्रकाशलहरींची कंप पावण्याची दिशा, बदलते. आपल्याला ते दिसत नाही, पण डोळ्याच्या पडद्याला कळतं आणि तो मेंदूला कळवतो. मग कुणाचे गुडघे धरतात, कुणाचं डोकं ठणकतं, दमेकऱ्याची छाती जड होते. समप्रकाश चष्मा हा बदल डोळ्यापर्यंत पोचूच देत नसे.

विभागप्रमुख डॉ. रोहिणी खटावकरांनी तिला एकच प्रश्न विचारला होता. "शरीर हे दुखणं उगाच काढत असेल का?"

"जुनी सवय आहे ती, मॅडम. माकडहाडासारखी. आता उपयोग काही नाही."

प्रयोग दहा दमेकऱ्यांवर होता. पाच जणांना समप्रकाश, पाच जणांना हुबेहूब दिसणारी साधी काच. कुणाला काय, ते बंद पाकिटात. पण शर्वरी पडली चष्मेवाल्याची मुलगी. भिंगाच्या कडेवरून अंगठा फिरवून काच ओळखायला तिला अण्णांनी दुकानात बसवून शिकवलं होतं. त्या दहांत हट्टाने नाव घातलेले अण्णाही होते, आणि त्यांच्या पेटीतली काच साधी निघाली. प्रत्येक वादळाआधी त्यांना छाती धरून बसलेलं तिने आठ वर्षं पाहिलं होतं. तिने त्यांचा चष्मा दहांतल्याच जंगमबाईंच्या पेटीतल्या समप्रकाश चष्म्याशी बदलला. हे करू नये हे तिच्यातल्या शास्त्रज्ञाला कळत होतं, लेकीला कळून घ्यायचं नव्हतं.

अण्णांनी चष्मा चढवताना नाक मुरडलं आणि गिऱ्हाइकांना ऐकवायचे तेच तिला ऐकवलं. सातशे वर्षांपूर्वी इटलीत कुणीतरी दोन भिंगं खिळ्याने जोडून नाकावर चिमटली, आणि म्हाताऱ्यांना पुन्हा वाचता येऊ लागलं. "पण चष्म्यानं डोळा बरा होत नाय, शर्वे. उजेड तेवढा वाकतो."

तीन आठवडे अण्णांची छाती एकदाही जड झाली नाही. पूर्वी ती भरली की ते खिडक्या लावून, पंप ओढून पडून राहायचे. आता संध्याकाळभर गच्चीवर खुर्ची टाकून बसू लागले. शर्वरीला आनंद झाला, तरी तिचा पाय कुठे ठरेना. दिवसातून चारदा ती त्यांना फोन करी आणि काय विचारायचं ते न सुचून ठेवून देई.

ऑक्टोबरच्या शेवटच्या बुधवारी चार वाजता वादळ आलं. माळावरचं गवत फुलोऱ्यात होतं. ओल्या हवेत परागकण फुटून त्यांची बारीक धूळ झाली आणि वाऱ्याने ती जमिनीलगत गावभर पसरवली. दमेकऱ्याला याहून वाईट हवा नाही. अण्णा गच्चीवर होते.

साडेपाचला ते अतिदक्षता विभागात होते, घशात नळी घातलेले. बाहेर विचारपूस करायला आलेल्या जंगमबाई मात्र धडधाकट होत्या. दुपारीच छाती आवळली, म्हणून त्यांनी दारं-खिडक्या लावून पंप घेतला होता. "तुझ्या चष्म्यानं वाचले गं बाई," म्हणत त्यांनी शर्वरीचा हात धरला. तो सोडवून पळत सुटावं असं शर्वरीला वाटलं.

डॉ. खटावकरांनी तिथेच बाकावर बसून पाकीट फोडलं. दहापैकी पाच जण अत्यवस्थ होते. यादी वाचून त्यांचा चेहरा जरा निवळला. समप्रकाशवाले चार, साध्या काचेचा एक, तो म्हणजे अण्णा. उलट जंगमबाई समप्रकाशवाल्या असून ठणठणीत.

"एवढ्याशा प्रयोगात हा योगायोगही असू शकतो," त्या म्हणाल्या. "चष्म्यावर ठपका ठेवता येत नाही. पुढच्या टप्प्यात उद्या चारशे जणांना द्यायचेत, ते देऊ या."

शर्वरीचं सात वर्षांचं काम अण्णांच्या त्या एका नोंदीवर तगून होतं. गप्प बसलं की झालं. काचेपलीकडे यंत्र अण्णांची छाती वरखाली करत होतं.

"चार आणि एक नाही, मॅडम," ती म्हणाली. "पाच आणि शून्य. अण्णांचा चष्मा मी बदलला होता."