मायफळाचं पाच वळसं

“तुझ्या पाटीत धोत्र्याचं बी हाय! त्येच घातलंस आमच्या पोरीच्या गुटीत!”

“जीभ आवर, संग्राम. तुझी बाळगुटी बी माझ्याच पाटीतनं गेलती. तवा मेला न्हाईस ते?”

कपिलतीर्थ मंडईत गर्दी जमली. बायडाबाई तीस वर्षं त्याच कोपऱ्यात बसून मुळ्या, साली, बिया विकती. संग्रामनं तिची पाटी पायानं ढकलली.

“सांजच्याआत हितनं उठायचं. परत बसलीस तर पोलीस आणतो.”

 बायडाबाई एवढी तोंडाळ, पण पदर तोंडाला लावला तिनं.

गर्दीत गोमटेश मगदूम उभा होता. लग्नाआधी पोराची चौकशी करायची, कोण दारू पितो, कुणाची नोकरी खोटी ते हुडकून काढायचं, हे त्येचं काम. संगं जोतीराम रिक्षावाला. अंगानं आडदांड, डोस्क्यानं निवांत.

“पोरगी कशी हाय?” मगदूमनं इचारलं.

संग्राम त्येच्याकडं वळला. “चार म्हैन्याची हाय वो साहेब. परवा गुटी पाजली आणि जी झोपली, ती उठंचना. हलवलं, पाणी मारलं. दवाखान्यात ठेवली. काल रातच्याला दूध प्याली, आज घरी आणली.”

“डॉक्टर काय म्हणालं?”

“झोपंचं कायतरी पोटात गेलंय, म्हणालं.”

“मग सांजपातूर कळ काढा.”

मगदूम बायडाबाईसमोर उकिडवा बसला. “काय काय दिलतं, मावशी?”

“आठ दिसामागं सूनबाई आलती. हिरडा, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, मायफळ. एका पुडीत बांधून दिलं.”

“जायफळ, मायफळ एकाच पुडीत?” जोतीराम म्हणाला. “बाई घोटाळंल की!”

“शेळी नि म्हस एका गोठ्यात बांधली म्हणून घोटाळतोस व्हय रं?” बायडाबाईनं दोन्ही त्येच्या हातावर ठेवलं. “हे मायफळ. अंगभर गाठी बघ. आणि हे लांबुळकं, गुळगुळीत, ते जायफळ.”

संग्रामच्या घरात त्येची बायकू रूपाली पोरीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती. रडून डोळं सुजलेलं.

“पुडी मीच आणली. आमचं जुनं मायफळ हरवलं म्हणून. आता सगळी माझ्याकडंच बघत्यात.”

“उगाळतं कोण?”

“आत्ती.” म्हंजे तिची सासू, चिमणाबाई. “मी तवा चुलीपाशी असती. पण आत्ती मोठ्यानं मोजत्यात. बाकी सगळ्याचा सहाणेवर एक-एक वळसा. पोरीला ढाळ लागलंतं, म्हणून मायफळाचं पाच. एक दिस चुकल्या न्हाईत. मी रोज ऐकलंय.”

चिमणाबाई घरामागच्या परड्यात उन्हाला बसलीती. पावलं वाजल्यावर म्हणाली, “या पावणं.”

“अवो काकी, पावणं कुठलं! मी जोतीराम. सकाळीच तुमास्नी दवाखान्यातनं आणलं की.”

“व्हय रं, व्हय. बोललास म्हंजे कळलं.” तिनं चिमटीतली तपकीर नाकात ओढली. “नात उठली न्हवं? आवाज ईना तिचा.”

मगदूमनं गुटीची डबी मागून घेतली. एकेक जिन्नस उन्हात धरला. मायफळावर नखाएवढा घासल्याचा डाग. जायफळाची एक बाजू पार सपाट. ते त्येनं जोतीरामच्या नाकाशी धरलं.

“आहाहा! बासुंदी.”

“काकी, जुनं मायफळ कसं होतं?”

“संग्रामच्या येळचं. झिजून झिजून गोटीगत गुळगुळीत झालतं. चार पोरं वाढली त्येच्यावर.” तिची बोटं हवेतच गोल फिरली. मगदूम त्या बोटांकडं बघत ऱ्हायला.

सांजच्याला जोतीरामनं सगळ्यांस्नी रिक्षात घालून बायडाबाईच्या कोपऱ्यावर आणलं. संग्राम कमरेवर हात ठेवून उभा.

“धोत्रा न्हाय,” मगदूम म्हणाला. “मावशीनं दिलेलं समदं खरं हाय. आता ही दोन्ही बघा. रोज पाच वळसं पडलं, ते झिजाय पायजे न्हवं? पण मायफळ नव्यागत, आणि एका वळशाचं जायफळ सपाट.”

“म्हंजे मोजणी चुकली,” जोतीराम म्हणाला.

“मोजणी बरोबर. जिन्नस उलटं. पाच वळसं पडलं ते जायफळाचं. जायफळानं मोठ्या माणसाला झोप येती. हिचा जीव केवढा! रोज थोडं-थोडं साचत गेलं.”

“मग सूनबाईनंच डबीत अदलाबदल केली!”

रूपालीचं तोंड पांढरं पडलं.

“गप की रं जोत्या! डबीत हिकडचं तिकडं करून काय हुतंय? बघणारा रूप बघूनच उचलंल.”  मग मगदूम हळूच म्हणाला, “ज्येनं उगाळलं, त्येनं बघून उचललं न्हाय. बोटांनी उचललं. बोटास्नी मायफळ म्हंजे गुळगुळीत, एवढंच ठावं. नव्या पुडीत गुळगुळीत होतं ते जायफळ. वासानं तरी कळलं असतं, पण तपकिरीनं नाक मारलंय.”

नाव त्येनं घेतलं न्हाय. चिमणाबाईनंच घेतलं.

“मीच ती. वरीस झालं, नुसतं धुकं दिसतंय. माणूस बोलला की वळखती.” तिचा हात पदर चाचपत होता. “सांगितलं असतं तर पोर माझ्या मांडीवर कुणी दिली असती? संग्राम, बायडाला बोललास ते माझं पाप हाय रं.”

संग्राम खाली बघूनच बोलला, “मावशी, चुकलं माझं. बसा तुमी हितंच.”

“बसणारच की. तुला इचारून बसलीती व्हय तीस वर्षं?” पण बायडाबाईनं सरकून चिमणाबाईला आपल्या पोत्यावर जागा केली.

रूपालीनं पोरगी सासूच्या मांडीवर ठेवली.

“आत्ती, गुटी बंद. डॉक्टरला इचारल्याबिगर कायबी द्यायचं न्हाय. पण डोळं गेलं म्हणून मांडी गेली व्हय?”

पोरीनं डोळं मिटलं. 

“झोपली काय गं परत?” संग्राम वाकला.

“न्हाय,” चिमणाबाई म्हणाली. “जागी हाय. माझं बोट धरलंय तिनं.”